तालुक्याच्या गावातला डोळ्यांचा दवाखाना: सेवेचं काम रोज कसं चालतं? (अनुभव धागा)

तालुक्याच्या गावात डोळ्यांचा डॉक्टर बऱ्याचदा एकटाच असतो आणि आसपासची कितीतरी गावं त्याच्यावर विसंबून असतात. यातले अनेक जण हे काम पूजेच्या भावनेनं करतात. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. संधिवातानं बोटं वाकडी झालेली, श्रीअरविंदांवर श्रद्धा, आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली मदुराईत ११ खाटांवर सुरू केलेलं 'अरविंद' रुग्णालय. पण अशी श्रद्धा मंगळवारी सकाळी शस्त्रक्रियेच्या यादीत, थेंबाच्या बाटलीत, चष्म्याच्या नंबरात कशी उतरते, हे फारसं कुणी लिहीत नाही. ज्यांचे हात या कामात आहेत त्यांनी लिहावं. स्वतःबद्दल नको, कामाबद्दल लिहा. काय करायचं, कुठे चुकतं, का चुकतं.

शिबिरातल्या मोतीबिंदूंवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर

तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया कायमच्या शस्त्रक्रियागृहात, इथून सुरुवात. एके काळी मांडवात नाहीतर शाळेच्या वर्गात टेबलं मांडून मोतीबिंदू काढले जात. त्यामागची तळमळ खरी होती, पण तिथल्या धुळीवर आणि पाण्यावर कुणाचाच ताबा नसे. आता शिबिरात फक्त निवड करायची, आणि ती निवडच सगळ्यात जास्त घाईत होते.

क्रम असा ठेवा. सहा मीटरवरून एकेका डोळ्याची नजर, मग त्याच डोळ्यापुढे बारीक छिद्राची चकती. छिद्रातून नजर चांगली सुधारली तर बऱ्याचदा चष्म्यावर भागतं, त्या माणसाला गाडीत बसवायची गरज नाही. मग नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून पाहायचं. पू किंवा चिकट पाणी आलं तर ते लासूर, म्हणजे अश्रूंच्या पिशवीतला जंतुसंसर्ग. आधी त्याचा उपचार, मोतीबिंदू नंतर. हे विसरलं की डोळ्यात जंतू जाण्याची वाट आपणच उघडी ठेवतो.

पांढराफटक पिकलेला मोतीबिंदू असला तरी बॅटरीचा उजेड चारही बाजूंनी कळला पाहिजे आणि बाहुली चटकन आकसली पाहिजे. तसं होत नसेल तर मागचा पडदा किंवा नस गेलेली असण्याची शक्यता मोठी. हे नातेवाइकांना शस्त्रक्रियेच्या आधी सांगायचं. नंतर सांगितलं तर तेच वाक्य सबबीसारखं ऐकू येतं.

बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकण्याआधी कानशिलाच्या बाजूनं आडवी बॅटरी धरा. नाकाकडचा अर्धा भाग सावलीत गेला तर डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ आहे. अशा डोळ्यात शिबिरात थेंब टाकायचे नाहीत, कारण रात्री घरी दाब चढला तर तिथे कुणी नसतं. रक्तदाब आणि साखर सगळेच पाहतात. त्याबरोबर दोन प्रश्न विचारावेत: वीस मिनिटं उताणं पडून राहता येतं का, खोकला येतो का? आणि पुरुषांना, लघवीच्या त्रासासाठी गोळी चालू आहे का? टॅम्सुलोसिन घेणाऱ्याची बाहुली शस्त्रक्रियेत मध्येच लहान होते आणि बाहुलीभोवतीचा पडदा जखमेतून बाहेर येऊ पाहतो. गोळी आज बंद करून उपयोग नसतो, पण आधी कळलं तर तयारी ठेवता येते.

'अजून पिकू द्या' हा सल्ला गावात अजून चालतो, कधीकधी दवाखान्यातूनही. जुन्या पद्धतीत अख्खं भिंग आवरणासकट काढत आणि नंतर जाड चष्मा देत, तेव्हा त्याला अर्थ होता. आता आवरण जपून त्यातच कृत्रिम भिंग बसवायचं असतं, त्यामुळे थांबण्यात फक्त तोटा आहे. भिंग दगडासारखं कडक होतं किंवा फुगून डोळ्याचा दाब चढवतं. डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं, उलट्या. घरचे पित्त समजून ओवा-लिंबू देतात आणि काही दिवसांत नस कायमची जाते. पन्नाशीपुढच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के आहे, असं २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं. या आकड्यामागे 'पिकू द्या' म्हणून थांबलेली माणसंही आहेत.

आता पद्धत. 'फुकट आहे म्हणून हातानं करतात, पैसेवाल्यांना मशीननं' हा समज काढायला हवा. कडक तपकिरी मोतीबिंदूत हाताची लहान छेदाची पद्धत अनुभवी माणसाकडे बहुतेक वेळा जास्त सुरक्षित असते. छेद सहा ते साडेसहा मिलिमीटरचा, पांढऱ्या भागातून बुबुळात जाणारा बोगदा, टाका लागत नाही. बोगदा फार उथळ गेला तर त्याच्या छताला भोक पडतं. फार खोल गेला तर सुरी वेळेआधी आत शिरते. आखूड झाला तर शेवटी मिटत नाही. मग एक १०-० चा, म्हणजे अगदी बारीक धाग्याचा, टाका घालायचा. टाका घालण्यात कमीपणा नाही, गळती तशीच सोडण्यात आहे.

दोन्ही डोळे एकाच दिवशी करू नका. लांबून आलेला माणूस गयावया करतो, एका फेरीत होईल म्हणतो. तरीही नाही. जंतुसंसर्ग झालाच तर तो एकाच डोळ्याला व्हावा.

शस्त्रक्रियागृहातली सिस्टर

डॉक्टरांनी आत शिरण्याआधीचं लिहिलं, मी आतलं लिहिते.

पहिली धास्ती नावाची. एकाच गावच्या यादीत दोन लक्ष्मीबाई आणि तीन पांडुरंग असतात. "तुम्ही लक्ष्मीबाई ना?" असं कधीच विचारायचं नाही. कमी ऐकू येणारी आजी सगळ्याला "हो बाळा" म्हणते. "आजी, तुमचं नाव सांगा, गाव सांगा, कुठल्या डोळ्याचं?" असं विचारायचं. हातावर पट्टी आणि ज्या डोळ्याचं काम आहे त्याच्या वर कपाळावर खूण. भिंगाचा डबा उघडण्याआधी नंबर मोठ्यानं वाचायचा, डॉक्टरांनी तो कागदावर पाहून परत म्हणायचा.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबानं सामान निर्जंतुक करायचं यंत्र: १२१ अंश, १५ पौंड दाब, २० मिनिटं, आणि ही वीस मिनिटं दाब पूर्ण चढल्यापासून मोजायची. ड्रम गच्च भरला तर वाफ मधल्या कपड्यापर्यंत पोचत नाही, पाऊण भाग भरा. बाहेरच्या टेपवर काळ्या रेघा आल्या म्हणजे आतलं सामान निर्जंतुक झालं असा अर्थ होत नाही. त्या रेघा एवढंच सांगतात की पाकीट तापलंय. म्हणून प्रत्येक ड्रमच्या पोटात निदर्शक पट्टी हवी, आणि आठवड्यातून एकदा जिवंत बीजाणूंची चाचणी. बाहेर काढल्यावर ओला लागलेला गठ्ठा वापरायचा नाही, परत लावायचा.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे बारीक नळ्या, म्हणजे कॅन्युला. शस्त्रक्रियेत वापरलेला जेल आत वाळला की तो ऑटोक्लेव्हनंही जात नाही. पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात तो विषासारखा काम करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुबुळ या कडेपासून त्या कडेपर्यंत धुरकट दिसतं. वापर झाल्याबरोबर डिस्टिल्ड पाण्याची पिचकारी मारून धुवायच्या, संध्याकाळी नाही. हा धुरकटपणा बारा ते चोवीस तासांत येतो, दुखणं फारसं नसतं आणि स्टेरॉइडनं उतरतो. जंतुसंसर्ग मात्र बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसात येतो, दुखतं आणि नजर झपाट्यानं जाते. दोन्हींत फरक न कळणं महागात पडतं.

डोळा धुण्याच्या द्रवाची प्रत्येक बाटली उजेडासमोर धरा, तरंगणारे कण पाहा, दाबून गळती पाहा. द्रव, जेल, निळा रंग, भिंग या सगळ्यांचे बॅच नंबर केसपेपरवर लिहा आणि त्या बॅचची एक बाटली न फोडता बाजूला ठेवा. देशात कुठे एकाच दिवशी अनेक डोळे गेल्याची बातमी येते तेव्हा हा द्रव संशयाच्या यादीत वरच असतो. एकाच यादीतले दोन रुग्ण दुसऱ्या दिवशी 'दुखतंय' म्हणाले तर पुढची यादी थांबवायची. शिबिराच्या गाड्या दारात उभ्या असल्या तरी.

पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पापण्यांना १० टक्के, डोळ्याच्या आत ५ टक्के, आणि आत टाकल्यावर पूर्ण तीन मिनिटं घड्याळ पाहून थांबायचं. ही तीन मिनिटं वाचवण्याचा मोह प्रत्येक गर्दीच्या दिवशी होतो. एवढ्या स्वस्तात एवढं संरक्षण देणारी दुसरी गोष्ट खोलीत नसते.

आता श्रद्धेच्या गोष्टी. वारकरी आजोबा तुळशीची माळ काढत नाहीत, आणि काढायला लावण्याची गरजही नाही. माळ साबणानं धुवून, गॉजमध्ये गुंडाळून चिकटपट्टीनं छातीवर बसवा, म्हणजे मानेखाली रुतत नाही. मंगळसूत्राचंही तसंच. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत रक्त थांबवायला वापरतात ते बायपोलर, म्हणजे वीज चिमट्याच्या दोन टोकांतच फिरते, त्यात धातूची अडचण नसते. कपाळाचं गंध, बुक्का, हळद-कुंकू मात्र पुसून साबणानं धुवायलाच हवं. ते पापणीवर उतरतं. "शस्त्रक्रिया झाली की उद्या देवदर्शन करून परत लावा" असं म्हटलं की कुणी नाराज होत नाही.

सुरुवातीला प्रार्थना म्हणत असाल तर हात धुण्याआधी म्हणा. देवाची तसबीर, दिवा, उदबत्ती बाहेरच्या खोलीत. कापडाखाली प्राणवायू चालू असतो, तिथे ज्योत नको आणि धूरही नको. खंडेनवमीला शस्त्रपूजनाची हौस सगळ्यांना असते. त्यासाठी वापरातून काढलेली जुनी अवजारं ताटात मांडा. चालू सेटवर झेंडूच्या पाकळ्या आणि कुंकू पडलं तर बारीक चिमट्यांच्या दातांत अडकून बसतं.

ऑप्टोमेट्रिस्ट

सिस्टरांनी भिंगाचा नंबर मोठ्यानं वाचायला सांगितला, पण तो नंबर मुळात बरोबर यायला हवा. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच ते तीन डायॉप्टरनं (भिंगाच्या ताकदीचं माप) चुकतो. ए-स्कॅनचं, म्हणजे ध्वनिलहरींनी लांबी मोजणाऱ्या यंत्राचं, टोक बुबुळावर दाबलं गेलं की डोळा आखूड मोजला जातो, भिंग जास्त ताकदीचं निघतं आणि शस्त्रक्रियेनंतर माणसाला लांबचं धूसर दिसतं. उपाय साधा आहे. हलका स्पर्श, दहा वेळा मोजणी, त्यातल्या सर्वांत लांब आणि एकमेकांशी जुळणाऱ्या धरायच्या. दुसरा डोळाही मोजायचा. दोन डोळ्यांत ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर परत मोजायचं. मोफत शस्त्रक्रियेत 'सगळ्यांना २१ किंवा २२ चं भिंग' बसवायची जुनी सवय होती. भिंग फुकट असलं तरी मोजमाप पूर्ण व्हायला हवं.

जवळच्या चष्म्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गावात सगळ्यात जास्त आनंद यातून मिळतो आणि चूकही सगळ्यात जास्त इथेच होते. वयाचा तक्ता पाहून साठीला +२.५० देऊन टाकतात. तो नंबर ४० सेंटिमीटरवर वाचणाऱ्याचा. ज्ञानेश्वरी किंवा गाथा वाचणारे आजोबा मांडी घालून बसतात, पोथी समोर लाकडी व्यासपीठावर असते, अंतर ५० ते ५५ सेंटिमीटर. त्यांना +२.५० दिला तर ते पोथीवर वाकतात, तासाभरात मान धरते, आणि "चष्मा मानवत नाही" म्हणून घडी करून ठेवतात. त्यांना +२.०० किंवा त्याहून जरा कमी पुरतो. तांदूळ निवडणाऱ्या आजींचं सूप मांडीवर असतं, ते अंतर वेगळं. शिलाईमशीनवरच्या ताईंचं आणखी वेगळं. म्हणून वाचायचा तक्ता हातात देण्याआधी विचारा, "कशासाठी हवाय? करून दाखवा." दोरीनं अंतर मोजा, एक मीटरला त्या अंतरानं भागा, आणि माणूस साठीचा असेल आणि लांबचा नंबर नसेल तर तोच आकडा साधारण नंबर.

लहान मुलांना थेंबाशिवाय नंबर देऊ नका. मुलं डोळ्याला ताण देऊन खोटा मायनस दाखवतात. पाच वर्षांखालच्यांना तिरळेपणा असेल तर ॲट्रोपिन १ टक्का मलम, दिवसातून तीनदा, तीन दिवस. आईला आधीच सांगा, तोंड लाल झालं किंवा ताप आला तर मलम थांबवून लगेच घेऊन या. आळशी डोळ्याला पट्टी चांगल्या डोळ्यावर बांधायची असते. हे कितीही वेळा सांगितलं तरी घरी उलटी बांधली जाते, म्हणून पहिली पट्टी दवाखान्यातच आईच्या हातानं बांधून घ्या. मूल सात-आठ वर्षांचं होण्याआधी सुरू केली तर फायदा सगळ्यात जास्त.

फार्मासिस्ट

एकच विषय, थेंब आणि उपास.

एका वेळी एकच थेंब. डोळ्यात तेवढाच मावतो, दुसरा गालावर जातो आणि बाटली पंधरा दिवसांत संपते. दोन वेगळ्या औषधांत पाच मिनिटं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबायचा, म्हणजे औषध घशात फारसं उतरत नाही. टिमोलॉलसारख्या काचबिंदूच्या थेंबानं दम्याच्या माणसाला धाप लागू शकते, तिथे हे दाबणं पुरेसं नाही, दम्याची माहिती डॉक्टरांपर्यंत पोचवायची. रोज्यात थेंबाची कडू चव घशात येते म्हणून काही जण महिनाभर औषध सोडतात. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. दिवसातून एकदाचा थेंब इफ्तारनंतर आणि दोनदाचा सहेरी आणि इफ्तारला बसवून द्या. बोट दाबायची रीत शिकवा.

एकादशीला साखरेची गोळी घेऊन काही न खाणारे मधुमेही असतात. शस्त्रक्रियेची तारीख देताना पंचांग पाहून ती एकादशीला येत नाही ना, एवढं बघितलं तरी टेबलावरची चक्कर टळते.

उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहा. महिन्याभरानंतर टाकून द्या, अर्धी उरली तरी.

ऊसपट्ट्यातले नेत्रतज्ज्ञ

मोतीबिंदूचा माणूस चार महिने थांबू शकतो, बुबुळाच्या जखमेचा चार दिवसही थांबू शकत नाही. उसाचं पान, पाचट, भाताचं तूस डोळ्याला लागतं. ओरखडा बारीक असतो, पण पानावरची बुरशी आत जाते. दुसऱ्या दिवशी दुकानातून थेंब आणले जातात, त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं. लाली उतरते, बरं वाटतं, आणि आतली बुरशी मोकाट वाढते. आठवड्यानं बुबुळावर राखाडी डाग दिसतो. कडा पिसासारख्या, बाजूला छोटे सुटे ठिपके, पृष्ठभाग कोरडा.

अशा जखमेचा नमुना घ्यायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. सुन्न करण्याचा थेंब, निर्जंतुक पातं, कडेवरून आणि तळातून खरवड, काचपट्टीवर १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण), वर झाकणकाच, आणि साधा सूक्ष्मदर्शक. बुरशीचे धागे बऱ्याचदा तिथेच दिसतात. नॅटामायसिन ५ टक्के, म्हणजे बुरशीवरचे थेंब, सुरुवातीला जागेपणी दर तासाला. बाटली हलवून टाकायची, नाहीतर औषध तळाशीच बसतं. उपचार अनेक आठवड्यांचा आहे हे पहिल्याच दिवशी सांगा. रोजंदारीवरचा माणूस तिसऱ्या दिवशी ऊसतोडीला परत जातो, म्हणून शक्य असेल तिथे खाट द्या आणि जेवण द्या.

डोळ्यात अंगारा, मध, तूप, अंगावरचं दूध घालून येणाऱ्यांवर ओरडू नका. ओरडलं की ते पुढच्या वेळी लपवतात. "अंगारा कपाळाला लावा, डोळ्यात औषध घालू" हे वाक्य बहुतेकांना पटतं.

चुन्याबद्दल वेगळं. तंबाखूच्या चुन्याची पुडी मूल दाबतं आणि ती फुटून थेट डोळ्यात उडते. दवाखान्यात आणण्याआधी तिथेच, मिळेल त्या स्वच्छ पाण्यानं किमान अर्धा तास धुवायचं. गाडी शोधण्यात घालवलेली दहा मिनिटं बुबुळ पांढरं करतात. दवाखान्यात वरची पापणी उलटून आतले चुन्याचे कण कापसाच्या बोळ्यानं काढायचे. ते राहिले तर कितीही धुतलं तरी चुना झिरपत राहतो. हे आशाताईंना, अंगणवाडीला आणि पानाच्या टपरीवाल्यालाही शिकवायला हवं.

नेत्रदानासाठी घरी जाणारे समन्वयक

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुबुळ घ्यावं लागतं. फोन झाला की घरच्यांना पाच गोष्टी सांगायच्या. डोळे मिटवा. वर ओला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी द्या. पंखा बंद करा. मृत्यूचा दाखला तयार ठेवा. काम वीस मिनिटांत होतं, थोडं रक्त तपासणीला घेतात, चेहरा विद्रूप होत नाही. जवळच्या नातेवाइकाची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. आधी अर्ज भरलेला नसला तरी चालतं, आणि भरलेला असला तरी घरच्यांची संमती लागतेच. वय, चष्मा, मधुमेह, झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग आणि रक्ताचा कर्करोग असेल तर ते बुबुळ बसवता येत नाही.

'पुढच्या जन्मी आंधळा होईल' ही भीती अंगणात कुणीतरी बोलतंच. तिथे शरीरशास्त्र सांगून उपयोग नसतो. अस्थी देणाऱ्या दधीचींची आठवण घरातल्याच वडीलधाऱ्यानं काढली तर वातावरण बदलतं. तिरडी बांधायच्या आधी पोचा. एकदा अंघोळ घालून अंत्ययात्रेची घाई झाली की कुणीही थांबत नाही, आणि त्यांच्याकडे थांबायचा आग्रहही धरू नये.

नुकतं शिक्षण संपवून गावी परतणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न

पैसे कमी आहेत. सुरुवातीला काय घ्यावं, काय नंतर?

पहिल्या डॉक्टरांचं उत्तर

स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून पाहायचा सूक्ष्मदर्शक), त्यावरच दाब मोजायचं ॲप्लनेशन, नंबर काढायला रेटिनोस्कोप आणि ट्रायल सेट, मागचा पडदा पाहायला इनडायरेक्ट (डोक्यावर बांधायचा दिवा) आणि २० डायॉप्टरचं भिंग, बुबुळाची गोलाई मोजायला केराटोमीटर, आणि ए-स्कॅन. एवढ्यावर तपासणी पूर्ण होते. शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक वापरलेला घेतला तरी चालेल, पण त्याचे पायाचे पेडल आणि बल्ब आधी तपासा, जादा बल्ब कपाटात ठेवा. मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडणारं फेको मशीन दोन वर्षांनी घ्या. डोळ्यातली जेली कापून काढणारा व्हिट्रेक्टॉमीचा कटर मात्र पहिल्या दिवसापासून हवा. आवरण फाटायचं असेल तर ते कुठल्या दिवशी फाटेल हे आपल्या हातात नसतं.

आणि वीज. जनरेटर सुरू व्हायला अर्धं मिनिट लागतं, तेवढ्यात उघड्या डोळ्यावर अंधार होतो. सूक्ष्मदर्शकाला स्वतंत्र यूपीएस द्या, त्याची बॅटरी दर सोमवारी यादीआधी मुख्य स्विच बंद करून प्रत्यक्ष तपासा. तरीही इनडायरेक्टचा डोक्याचा दिवा चार्ज करून टेबलाच्या डाव्या हाताला टांगलेला असू द्या. त्याच्या उजेडात भिंग बसवता नाही आलं तरी जखम बंद करता येते.